तळ्यांच्या मुलखाचा नकाशा

प्रश्न : उत्तर कॅनडात नुसती तळी न दलदल, रस्ता नाही काही नाही, मग तिथले जुने नकाशे बनवले कसे?

उत्तर : सुरुवात झाली होडीतून. फरचा, म्हणजे केसाळ कातड्यांचा, व्यापारी पीटर पाँड, त्याच्या १७८५च्या नकाशात अथाबास्का तळं पॅसिफिकच्या भलतंच जवळ आलं होतं, मग फरचाच व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या मोजणीदार फिलिप टर्नरनं १७९०-९२मधे तिकडे जाऊन चंद्रावरून रेखांश काढले तेव्हा कुठे ते जागेवर गेलं, आणि त्याच्यासोबतचा पीटर फिडलर तर हिवाळा तिथल्या मूळच्या चिपेवायन लोकांबरोबर राहिला, या नकाशांमधलं त्या लोकांचं श्रेय फारसं कोणी देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते १९२४चं काम. कॅनडाच्या हवाई दलाचं व्हिकर्स वायकिंग, पाण्यावर उतरणारं विमान, रेनडियर लेककडे गेलं. धावपट्टी हवीच कशाला, तळी आहेत ना! अशा कामात कॅमेरा तिरका धरून डावीकडे, समोर, उजवीकडे फोटो घ्यायचे, क्षितिज दिसलंच पाहिजे, मग फोटोवर चौकटींची जाळी ठेवायची जी लांबवर बारीक होत जाते, आणि एकेक चौकट बघत तळ्याचा काठ कागदावर उतरवायचा. डोंगरात हे जमत नाही, इथे जमीन सपाट म्हणून जमलं. सगळ्या देशाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांचा संच पुरा व्हायला मात्र २०१२ उजाडलं.