डीप पर्पल नक्की कोणाचा?

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची १९७२ सालची ‘मशीन हेड’ ही तबकडी आहे. तिच्यावरील पाच कलावंतांपैकी तिघेच आजच्या संचात दिसतात. गायकांच्या पिढ्या बदलल्या तरी आमचे ग्वाल्हेर घराणे टिकून आहे. या बँडचेही तसेच समजावे काय? – एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तिघे उरले हेच विशेष, कारण आपल्या तबकडीवरील संचही मूळचा नव्हे. १९६८ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा रॉड इव्हान्स गात असे आणि निक सिंपर बेस वाजवत असे. पुढच्याच वर्षी त्यांना वगळून इयान गिलन आणि रॉजर ग्लोव्हर यांना घेण्यात आले. गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि ड्रमवादक इयान पेस मात्र तेच राहिले. लॉर्डचा ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार यांच्यातील चढाओढ हाच या बँडचा खरा प्राण, असे आमचे मत आहे.

घराण्याची उपमा येथे लागू पडत नाही. घराण्यात शिष्य गुरूपाशी वर्षानुवर्षे बसून गायकी आत्मसात करतो. येथे मात्र रिकाम्या जागेवर येणारा बहुधा आपली घडलेली शैली घेऊनच येतो आणि कधी कधी बँडलाच आपल्या वळणावर नेतो. १९७३ मध्ये गिलन व ग्लोव्हर बाहेर पडले आणि डेव्हिड कव्हरडेल व ग्लेन ह्यूज आले, तेव्हा नेमके हेच घडले. ह्यूजने फंक आणि सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारांचा रंग आणला, तो ब्लॅकमोरला मानवला नाही आणि १९७५ मध्ये ब्लॅकमोर निघून गेला. त्याच्या जागी टॉमी बोलिन आला खरा, पण १९७६ मध्ये बँडच मोडला.

नाव कोणाचे, हा वाद न्यायालयातही गेला. १९८० मध्ये इव्हान्सने भलत्याच वादकांना घेऊन ‘डीप पर्पल’ या नावाने अमेरिकेत कार्यक्रम केले. हक्कदारांनी दावा लावला आणि इव्हान्स हरला. आपल्या तबकडीवरील पाचही जण १९८४ मध्ये पुन्हा एकत्र आले. १९९३ मध्ये, दौरा चालू असतानाच, ब्लॅकमोरने बँड कायमचा सोडला. त्याच्या जागेवर स्टीव्ह मोर्सने १९९४ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षाही अधिक काळ, गिटार वाजवली. आता तेथे सायमन मॅकब्राइड आहे. लॉर्ड २००२ मध्ये निवृत्त झाला आणि डॉन एअरी आला.

पेस तेवढा प्रत्येक संचात आहे. तरीही बदल कानांनीच पारखायचा असेल, तर वडिलांच्या तबकडीपाठोपाठ १९७४ ची ‘बर्न’ ऐकावी; तीत कव्हरडेल आणि ह्यूज असे दोन गायक आहेत, आणि ब्लॅकमोरला काय खटकू लागले होते याची चाहूल तीत लागते.