वाघनखे 'परत' आली की नुसती आली?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "लंडनहून वाघनखे आली तेव्हा जिकडेतिकडे 'परत आली', 'परत आणली' असेच छापून आले. ती तर तीन वर्षांच्या करारावर आहेत. मग 'परत' म्हणणे बरोबर आहे का? नसेल तर 'उसनी आणली' म्हणावे का? आणि इंग्रजीत ज्याला रेस्टिट्यूशन आणि रिपॅट्रिएशन म्हणतात, त्याला मराठीत 'प्रत्यार्पण' चालेल का?"

'परत' बरोबर नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'उसनी'सुद्धा नेमके नाही. 'प्रत्यार्पण' चालेल, पण त्यातला एक काना काढून.

व्याकरणाने पाहिले तर 'परत' हे साधे क्रियाविशेषण आहे. जिथून निघाले तिथे पुन्हा पोचले की परत आले, बस्स. पण बोलताना आपण हा शब्द इतका सैल सोडत नाही. नांदती लेक चार दिवस आली तर आपण 'माहेरी आली' म्हणतो. तीच 'परत आली' असे कुणी सांगितले तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण ती आता जाणार नाही असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे 'परत येणे' यात कायमपण धरलेले आहे. 'परत देणे' यात तर त्याहून अधिक आहे: देणाऱ्याने आपला हक्क सोडला आणि वस्तू मूळ धन्याची झाली. भानुदासांनी विजयनगरहून पांडुरंग परत आणला असे वारकरी परंपरा सांगते, ते या भरलेल्या अर्थाने. तिथे ठरावीक मुदतीनंतर मूर्ती हंपीला पोचवायची आहे असे कुणाच्या मनातही येणार नाही.

आता वाघनखांचे पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करार केला. जुलै २०२४ मध्ये वाघनखे आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. मुदत तीन वर्षांची. मालकी लंडनच्या संग्रहालयाचीच राहिली. वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत कोरलेला मजकूर सांगतो की ही शिवाजी महाराजांची वाघनखे असून, साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचे प्रतिनिधी, असताना जेम्स ग्रँट डफ यांना ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली. १६५९ साली अफझलखानावर चालवलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही असे खुद्द ते संग्रहालय म्हणते आणि आपल्याकडच्या इतिहास अभ्यासकांनीही हा मुद्दा जोरात मांडला. हा वाद इथे थोडा बाजूला ठेवू. ती वाघनखे महाराजांचीच आहेत असे धरून चालले तरी 'परत' हा शब्द बसत नाही, आणि तीच असतील तर चुकीचा शब्द वापरणे जास्तच नुकसानीचे आहे.

मग 'उसनी'? उसने आपण पीठ आणतो, साखर आणतो, पैसे आणतो. ते वापरून संपवतो आणि तेवढेच दुसरे नेऊन देतो. तेच पीठ परत द्यायचे नसते. जी वस्तू जशीच्या तशी, तीच परत करायची असते ती आपण 'मागून आणतो': लग्नासाठी मागून आणलेला हार, शेजारून मागून आणलेली शिडी. मराठीने हा फरक अगदी काटेकोर सांभाळला आहे आणि तो फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत न्यास, निक्षेप या ठेवींच्या प्रकारांच्या जोडीला 'याचित' येते, आणि त्या स्मृतीवरचे भाष्य मिताक्षरा त्याचा अर्थ देते तो लग्नासारख्या उत्सवासाठी मागून आणलेली वस्त्रे आणि अलंकार असाच. मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली, आपल्या शेजारच्या घरातच म्हणा ना. तेव्हा शास्त्रशुद्ध शब्द हवा असेल तर वाघनखे 'याचित' आहेत. मथळ्यात तो कुणी छापणार नाही हे मला कळते. 'वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात' एवढे छापले तरी वाचकाला खरे ते कळेल.

एका शब्दासाठी इतका आग्रह धरतो आहे, कारण जगभर हा वाद नेमका याच ठिकाणी अडलेला आहे. इंग्लंडमधली मोठी संग्रहालये मनात आले तरी वस्तू देऊन टाकू शकत नाहीत. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधले आहेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे १९८३ च्या. काही मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू काढून टाकायला मनाई आहे. म्हणून ती मुदतीवर देतात. २०२४ मध्ये याच दोन संग्रहालयांनी असांटे राजघराण्याच्या सोन्याच्या आणि इतर मिळून ३२ वस्तू घानातल्या कुमासीला पाठवल्या. ब्रिटिश सैन्याने १८७४ च्या युद्धात कुमासी लुटली, तेव्हाच्या लुटीतल्या वस्तू त्यात होत्या. ज्यांच्या घरून लुटले त्यांनाच ते मुदतीवर द्यायचे, आणि घेणाऱ्याने सही करायची. घानातही लोकांनी विचारले की आपल्याच वस्तू आपण मागून का आणायच्या? 'मागून आणणे' या क्रियापदात मालक कोण हे आधीच कबूल झालेले असते.

ग्रीसने हे पुरते ओळखले आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून नेली आणि १८१६ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ब्रिटिश म्युझियमची मालकी मान्य करावी लागेल असा कोणताही व्यवहार ग्रीक सरकार स्वीकारत नाही. 'एल्गिन मार्बल्स' हे नावही ग्रीक लोक वापरत नाहीत. त्यांची मागणी ते 'पुनर्मीलन' या अर्थाच्या शब्दाने मांडतात: अर्धी शिल्पे अथेन्समध्ये, अर्धी लंडनमध्ये, ती एकत्र यावीत. शब्द असा निवडला की मालकीचा प्रश्न हातचा न सोडता बोलता येते. आपण मात्र मुदतीवर आलेल्या वस्तूला उत्साहाच्या भरात 'परत आली' म्हणतो. परत आलेल्या गोष्टीची पुन्हा मागणी कशी करणार? मागणी आपणच आपल्या शब्दाने मिटवून टाकली.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे आणि ते मला फार बोलके वाटते. १८९७ मध्ये ब्रिटिशांनी बेनिनचे राज्य, म्हणजे आजच्या नायजेरियातला भाग, लुटले. तिथल्या पितळी आणि इतर धातूंच्या प्रतिमा, फलक, हस्तिदंती वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. बर्लिनच्या संग्रहालयाने २०२२ मध्ये आपल्याकडच्या ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावे केली. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश वस्तू मात्र करारानुसार बर्लिनमध्येच राहिल्या, आता नायजेरियाच्या मालकीच्या आणि जर्मनीने मागून घेतलेल्या. वस्तू जागची हलली नाही, पण ती परत दिली गेली. साताऱ्यात वस्तू सात समुद्र ओलांडून आली, पण परत दिली गेली नाही. 'परत'चा जीव अंतरात नाही, मालकीत आहे, हे या दोन उदाहरणांइतके स्वच्छ कशातच दिसणार नाही. 'ताबा' आणि 'मालकी' हे दोन्ही शब्द सातबारा पाहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहेत. बातमी लिहिताना ते का आठवू नयेत?

आता रेस्टिट्यूशनकडे. युनेस्कोने १९७८ मध्ये या विषयासाठी समिती नेमली, तिच्या लांबलचक नावातच 'रिटर्न' आणि 'रेस्टिट्यूशन' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि दुसरा बेकायदा बळकावलेल्या वस्तूंसाठी राखलेला आहे. रिपॅट्रिएशन हा शब्द मुळात माणसांना मायदेशी पोचवण्याचा. म्हणून तो मानवी अवशेषांसाठी जास्त शोभतो. मराठीत 'मायदेशी आणणे' याहून चांगले काही मला सुचत नाही. हिंदीच्या प्रभावाने 'घरवापसी' दिसते, ते टाळावे. 'वापस' विदर्भ-मराठवाड्यात रोजच्या बोलण्यात आहे आणि तिथे तो पूर्णपणे मराठीच आहे, पण 'घरवापसी'ला राजकारणाचा निराळा रंग चढला आहे. 'परतावा' गुंतवणुकीचा, 'परतफेड' कर्जाची. तेही नकोत.

उरतो 'प्रत्यार्पण'. संधी सोडवली तर प्रति अधिक अर्पण, म्हणजे 'प्रत्यर्पण'. 'त्या' असे लिहायला आधार नाही. आपण वर्तमानपत्रांतून हा शब्द फरारी आरोपींसाठी इतका ऐकला आहे, की मूर्तीसाठी तो वापरला तर खटकेल असे काहींना वाटते. पण आधीचा अर्थ वस्तूचाच आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या शेवटी मुलीला सासरी पाठवल्यावर कण्व म्हणतात की माझा जीव आता 'प्रत्यर्पितन्यास' झाल्यासारखा निवळला. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, ती ज्याची त्याला पोचती केली. संग्रहालयाने वस्तू मूळ धन्याला देण्यासाठी याहून नेटका शब्द शोधून सापडणार नाही. दोन्ही अर्थ एकाच प्रकरणात आलेलेही आहेत. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातून चोरलेला चोळकालीन नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये विकत घेतला होता. तो विकणारा न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर जर्मनीत पकडला गेला आणि २०१२ मध्ये त्याचे भारताला प्रत्यर्पण झाले. २०१४ मध्ये नटराजाचेही झाले. मालकीसकट आणि कायमचे, म्हणून इथे 'परत आला' हेही पूर्ण खरे आहे.

एक शब्द वाचकाने विचारलेला नाही, तरी या विषयात तो सर्वांत जास्त फसवतो: 'भेट'. कोहिनूर भेट दिला गेला असे २०१६ मध्ये आपल्याच सरकारच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते, मग टीका झाल्यावर सरकारला खुलासा करावा लागला. १८४९ च्या लाहोर तहाच्या कलमात शब्द आहे तो 'स्वाधीन करणे' या अर्थाचा, आणि स्वाधीन करणारा लाहोरचा महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता. लंडनच्या राजघराण्याच्या संग्रहातली जगदंबा तलवार १८७५ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या छत्रपतींकडून मिळाली, तेही तेव्हा अल्पवयीन होते. जिथे नाही म्हणण्याची मुभा नव्हती तिथे 'भेट' लिहू नये. 'नजर केली', म्हणजे नजराणा दिला, म्हणावे. त्या शब्दात खालचा कोण आणि वरचा कोण हे तरी दिसते.

आणि जे पैसे मोजून आणले त्याचे काय? पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली, राज्य सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. ही आता सर्वार्थाने महाराष्ट्राची आहे, तेव्हा 'परत आली' म्हणायला हरकत नाही. 'परत केली' म्हणू नये, कारण कुणी परत केलेली नाही, आपण दाम मोजले आहेत. 'विकत घेतली' हे सरळ खरे. माझी स्वतःची पसंती मात्र 'सोडवून आणली' याला आहे. गहाण पडलेली वस्तू आपण सोडवतो, आणि गहाण असतानाही ती आपलीच असते.