तोरणमाळचं काळं पडलेलं भूछत्र

भाऊ, तोरणमाळच्या गवतात सापडलेलं नखाएवढं लाल-केशरी भूछत्र घरी येईस्तोवर काळं पडलं, सडलं म्हणून फेकून दिलं, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जीव हळहळला. हेच माझ्या हातून झालं होतं, तेही तोरणमाळलाच.

मी ते कॅरीबॅगमध्ये घालून एसटीने शहाद्याला आणलं. फोटो फक्त वरून काढलेला. पिशवी उघडली तर काळा चिखल. तरी तो एका कार्यालयात नेऊन दिला. कुठलं ते सांगत नाही. दीड महिना हेलपाटे घातले आणि शेवटी उत्तर मिळालं, ‘नमुना सडका, ओळख अशक्य’. एकानेही विचारलं नाही की तोडलं तेव्हा रंग कोणता होता आणि काळं कुठून पडायला लागलं. आजही राग येतो, कारण ते काळं पडणं हीच तर ओळख होती!

वॅक्सकॅप नावाच्या भूछत्रांमध्ये, म्हणजे हायग्रोसायबी गटात, कोनिका नावाची जात आहे. शेफरने १७७४ साली तिचं वर्णन केलं. टोपी टोकदार, लाल-केशरी किंवा पिवळी. हात लागला, दाबलं किंवा वय झालं की ती काळी पडते. म्हातारी झालेली तर कोळशासारखी काळी होऊन गवतात तशीच उभी असते. पण या एका नावाखाली दिसायला सारख्या बऱ्याच जाती दडलेल्या आहेत, त्यामुळे ‘कोनिकाच’ असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी शाळामास्तर आहे, शास्त्रज्ञ नव्हे.

माझ्या मते रंगावर विसंबूच नका, पावसाने तो धुऊन निघतो. टोपीखालचे पडदे बघा. वॅक्सकॅपचे पडदे जाड आणि विरळ असतात, बोटांत चुरले तर मेणासारखे लागतात. मग बीजाणूंचा ठसा घ्या. टोपी कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाका आणि रात्रभर राहू द्या. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा हवा, कारण वॅक्सकॅपचा ठसा पांढरा उमटतो आणि नुसत्या पांढऱ्या कागदावर तो दिसतच नाही. एन्टोलोमा गटातही केशरी टोकदार भूछत्रं आहेत, त्यांचा ठसा गुलाबी. आयनोसायबीचा तपकिरी, आणि त्यातली बरीच विषारी आहेत. तेव्हा चव घेऊन बघायचा विचारही करू नका. फोटो बघून ‘खा’ म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका.

पुन्हा जाल तेव्हा कॅरीबॅग नको, वर्तमानपत्राची पुडी न्या. तोडण्याआधी शेजारी रुपयाचं नाणं ठेवून वरून, बाजूने आणि खालून फोटो काढा, मग दांडा चिमटीत दाबून तो किती वेळात काळा पडतो ते घड्याळ लावून बघत बसा. अभयारण्यात असाल तर परवानगीशिवाय तोडू नका, फोटोच घ्या.

पाऊस अजून आहे. जागा लक्षात असेल तर याच आठवड्यात जाऊन या, आणि गवतात काळी झालेली उभी दिसतात का तेही बघा.