"अळी बघून येतो, मग अभ्यास"

"मॅडम, आम्ही त्याला पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला नेलं, डोंगरावर अंजनेरीला नेलं, काही उपयोग झाला नाही. तो गाडीत बसून मोबाईलच मागत होता. त्याला निसर्ग वगैरे आवडतच नाही."

गेल्या वर्षी जुलैमध्ये नाशिकमधली एक आई माझ्याकडे समुपदेशनाला येऊन हे सांगत होती आणि सांगता सांगता रडायला लागली. थोड्याफार फरकाने हीच काळजी माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन घरं तरी घेऊन येतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. मुलाचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, आपण त्याला ओम म्हणूया. वय 9, चौथीत, पाथर्डी फाट्याच्या बाजूला पाचव्या मजल्यावर फ्लॅट, वडील अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, आई पण नोकरी करते, घरी आजी. शाळेतून तक्रार आली होती की वर्गात लक्ष नसतं, अर्धवट लिहून ठेवतो, चिडचिड करतो. आईने रील्स बघून बघून ठरवलंच होतं की ह्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याचा त्रास.

आता हे आधीच सांगते, अशी शंका असेल तर रीतसर तपासणी करून घ्यायची, रील बघून ठरवायचं नाही आणि "मोकळ्या हवेत नेलं की बरा होईल" म्हणून टाळायचं पण नाही. ओमची आम्ही तपासणी करून घेतली, त्यात तसं काही निघालं नाही. पण ज्यांच्या मुलांना खरंच तो त्रास आहे आणि औषध चालू आहे त्यांनी माझं हे वाचून औषध बंद करू नका, प्लीज.

मी आईला म्हटलं, ताई, कालचा दिवस सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत. पावणेसातला व्हॅन, दीडला घरी, जेवण, टीव्ही, तीनला ट्यूशन, साडेपाचला अबॅकस, मग होमवर्क, मग मोबाईल, जेवण, झोप. मी विचारलं ह्यात आकाशाखाली किती वेळ होता तो? त्या बोटं मोजायला लागल्या आणि थांबल्या. लिफ्टमधून गेटपर्यंत, गेटपासून व्हॅनपर्यंत. बस.

मुलांचं लक्ष थकतं हो. आपलं पण थकतं, पण आपण चहा घ्यायला उठतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात कॅप्लन म्हणून मानसशास्त्रज्ञ नवराबायको होते, त्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं मी पालकांना असं सांगते, की गणित सोडवताना आपण लक्ष जोर लावून धरून ठेवतो, ते धरून धरून दमतं. आणि पानं हलतात, पाणी वाहतं, मुंग्यांची रांग चालते ते बघताना जोर लावावा लागत नाही, लक्ष आपोआप तिकडे जातं, तेवढ्यात पहिल्याला विसावा मिळतो. 2009 मध्ये एडीएचडी असलेल्या 7 ते 12 वर्षांच्या मुलांना 20 मिनिटं बागेत, 20 मिनिटं शहरातल्या रस्त्यांवर आणि 20 मिनिटं वस्तीत असं वेगवेगळ्या वेळी फिरवून बघितलं होतं, तेव्हा बागेतून आल्यावर त्यांची एकाग्रता जास्त चांगली निघाली. मुलं फक्त 17 होती, त्यामुळे मी त्याचा फार मोठा दाखला देत नाही, पण माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

मोबाईलने हा विसावा मिळत नाही का, असं ओमच्या वडिलांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मोबाईल पण लक्ष आपोआप खेचतो, पण तो सोडत नाही ना, एक संपलं की पुढचं, डोक्याला मधे मोकळी जागाच नाही.

डोळ्यांचं मात्र ठोस सांगता येतं. ओमला दुसरीतच चष्मा लागला होता. चीनमध्ये ग्वांगझू शहरात 12 शाळांतल्या पहिलीच्या मुलांचा 3 वर्षं अभ्यास झाला, अर्ध्या शाळांमध्ये रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली, बाकीच्या शाळांत काही बदललं नाही. 2015 मध्ये निकाल छापून आला, नेहमीसारख्या शाळांत 39.5 टक्के मुलांना लांबचं न दिसण्याचा नंबर लागला होता आणि बाहेर जाणाऱ्यांत 30.4 टक्के. घरात ट्यूबलाइटखाली असतो त्याच्या कितीतरी पट उजेड बाहेर असतो, ढगाळ असलं तरी. लागलेला नंबर त्याने उतरत नाही हे पण सांगते, नाहीतर लोक चष्मा काढून ठेवतात.

मग मी विचारलं, नांदूर मध्यमेश्वरला नेमकं काय झालं ते सांगा. तर रविवारी पहाटे पाचला उठवलं, तासाभराचा प्रवास, पोचल्यावर पप्पा म्हणे ते बघ फ्लेमिंगो, इकडे बघ, फोटो काढू, नाव लिहून घे, शाळेत सांगता येईल. जागा किती सुंदर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते, पण झोपेतून उठवलेल्या 9 वर्षांच्या मुलाला त्याचं काय. त्याच्यासाठी तो अजून एक क्लास झाला, फक्त लांबचा.

वडील तेव्हा जरा रागावूनच बोलले. "मॅडम, मी दिंडोरीकडच्या खेड्यात वाढलो. द्राक्षांच्या छाटणीला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला, शाळा बुडवून उभा राहिलोय. चिखलातून बाहेर यायला माझी वीस वर्षं गेली आणि तुम्ही म्हणता पोराला परत चिखलात पाठवा." मला ते ऐकून गलबलून आलं. आपल्या नाशिकमध्ये कितीतरी घरांत हीच गोष्ट आहे आणि कोणी बोलत नाही, माती म्हणजे कष्ट, माती म्हणजे मागे राहणं. मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्हाला मातीत राबायला लागलं, त्याला नुसतं बसायचंय. दोन्ही एक नाही. आणि एक सांगा, शेतात सगळं कामच होतं का? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नाही, दुपारी विहिरीवर सुगरणीची घरटी बघत बसायचो, तासन्‌तास.

मी फक्त एवढंच करायला सांगितलं. बिल्डिंगशेजारी जो मोकळा प्लॉट आहे तिथे रोज अर्धा तास, अंधार पडायच्या आत, घरातलं कोणीतरी मोठं सोबत. बिबट्याची भीती आईने काढलीच होती, ती खोटी नाही, म्हणूनच उजेडात आणि एकट्याने नाही. गाजरगवत असेल तिकडे नको, अंगाला खाज येते, पायात बूट, घरी आल्यावर हात धुणं. आणि मोठ्यांसाठी एक अट, ती सगळ्यात अवघड. काही शिकवायचं नाही, "काय बघितलंस" विचारायचं नाही, फोटो नाही, स्वतःचा मोबाईल पण खिशात. अबॅकस बंद केल्याशिवाय वेळ निघणार नव्हता, तर तो बंद केला. त्यावर घरात दोन दिवस भांडण झालं म्हणे.

पहिला आठवडा वाईट गेला. ओम दगडावर बसून "बोअर होतंय" एवढंच म्हणायचा. आईचा मला फोन, मॅडम सोडून देऊ का? मी म्हटलं बोअर होऊ द्या, ती चांगली खूण आहे, सतत कोणीतरी करमणूक करायची सवय लागलेल्या मुलाला हा रिकामा वेळ आधी टोचतोच.

दहाव्या-अकराव्या दिवशी त्याला रुईच्या झाडावर अळी दिसली. काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या दोऱ्यासारख्या तीन जोड्या. पुढच्या सेशनला तो आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागला, जो मुलगा माझ्याशी हो-नाही पलीकडे बोलत नव्हता तो वीस मिनिटं थांबला नाही. ती पान आधी एका ठिकाणी कुरतडते, मग तिथून दूध गळून जातं, मग बाकीचं खाते, मी मोजलं मॅडम, एका पानाला एवढा वेळ लागतो. मी त्याला सांगितलं रुईचं दूध डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, तर म्हणाला माहितीय, पप्पांनी सांगितलं. म्हणजे पप्पा पण जात होते तर. शिफ्ट बदलली की वडील, नाहीतर आजी.

प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू असतं, त्याची ती अळी. नाव त्याने स्वतः शोधलं, मोबाईलवरच, आणि मला ते चाललं. अळीचा कोष झाला, तो साधारण आठ-दहा दिवस तसाच लटकून राहतो, आणि एक दिवस हा शाळेत असताना रिकामा झाला. फार रडला त्या दिवशी. आई घाबरली, मी म्हटलं रडू द्या. वाट बघून हुकणं, वाईट वाटणं आणि दुसऱ्या दिवशी परत जाणं, हे त्याला कुठल्या क्लासमध्ये मिळालं असतं? त्या काळात त्याने परत जाऊन अजून 4 अळ्या शोधल्या.

अभ्यासाचं काय, हे सगळे विचारतात. गणितात अजून चुका आहेत. मोबाईल सुटलेला नाही, कमी झालाय. पण संध्याकाळी एका बैठकीत होमवर्क संपतो, झोप लवकर लागते, आणि दिवाळीनंतरच्या मीटिंगला बाई आईला म्हणाल्या की तो आता वर्गात प्रश्न विचारतो. मला ह्याच्यापेक्षा जास्त घाई नाही, पालकांनी पण करू नये.

शेवटच्या भेटीला आजी पण आल्या होत्या. आजी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतात, पानं त्याच प्लॉटवरून आणतात. त्या सांगत होत्या, "शनिवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले तर हा चप्पल न घालता मागे पळत आला. आजी, डावीकडच्या झाडाची नको तोडू, त्यावर माझ्या आहेत. उलटं पान बघ, मग तोड." मग दोघं मिळून एकेक पान उलटून बघत बसले, व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंत. आजींना 11 पानंच मिळाली, हार छोटाच झाला.