मुलगा फादर व्हायचं म्हणतोय, आता पुढे काय?

प्रश्न: आम्ही वसईजवळच्या गावात राहतो. मुलगा यंदा बारावी सायन्सला ७८ टक्के मिळवून पास झाला. लहानपणापासून चर्चमध्ये वेदीसेवक आहे. आता म्हणतो, मला फादर व्हायचंय. ह्यांचं म्हणणं, आधी इंजिनिअरिंग कर. किती वर्षं लागतात? पगार असतो का? मधेच परत आला तर काय? आणि एकुलता एक आहे, म्हातारपणी आम्हाला कोण? – एक आई

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ. एकुलत्या एका मुलाने धर्मगुरू होऊ नये असा कुठलाही नियम नाही. मात्र तो कोणत्या प्रकारचा धर्मगुरू होतो, यावर तुमचं गणित बदलतं. १९९८ साली मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचा, धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत तो घेत नाही. राहणी साधी हवी, पण वाडवडिलांची जमीन त्याच्या नावावर राहू शकते, मानधनातून आईवडिलांना हातभार लावता येतो आणि नेमणूक बहुधा धर्मप्रांतातच होते. तीही नेहमी घराजवळ नाही. तलासरी-जव्हारकडचा भागही याच धर्मप्रांतात येतो.

येसूसंघ (जेझुइट) किंवा सालेशियनांसारख्या व्रतस्थ संघात, म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संस्थेत, दारिद्र्याचं व्रतही असतं. तिथे कमाई संघाची, आणि बदली कुठल्याही राज्यात होऊ शकते. पण उच्च शिक्षणाची आणि संशोधनाची वाट तिथे जास्त मोकळी असते. खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झालेले सांतापाव हे येसूसंघी फादरच होते. सायन्सची ओढ खरी असेल तर हे मुलाच्या कानावर घाला. ‘फादर व्हायचंय’ म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांना हा फरकच माहीत नसतो.

आता वर्षांचा हिशोब. आधी तयारीचा टप्पा, किमान एक आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा. मग तत्त्वज्ञान, किमान दोन वर्षं. मग ईशज्ञान (थिऑलॉजी), चार वर्षं. मधे बहुधा एखादं वर्ष धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रत्यक्ष कामाचं. म्हणजे बारावीनंतर थेट गेला तरी आठ-नऊ वर्षं, आणि आधी पदवी घेतली तर अकरा-बारा. चर्चच्या कायद्यानुसार उपगुरू (डीकन, फादर होण्याआधीची पायरी) होण्यासाठी वयाची २३ वर्षं पूर्ण लागतात, गुरुदीक्षेसाठी २५, आणि या दोन्हींमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर. हे शिक्षण सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या निवासी संस्थेत होतं. गोरेगावचं सेंट पायस टेन्थ आणि पुण्याची पेपल सेमिनरी ही आपल्याकडची जवळची नावं. कुठे पाठवायचं ते बिशप ठरवतात.

पदवीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: आधी घ्यावी. इंजिनिअरिंगच हवं असं नाही, बी.एस्सी. चालेल, बी.ए.सुद्धा चालेल. सेमिनरीतलं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान कस लावणारं असतं, पण त्याचं प्रमाणपत्र आपल्या विद्यापीठाच्या पदवीसारखं सगळीकडे चालेल असं गृहीत धरू नका. सहाव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाची अडचण इथेच होते. वय चोवीस-पंचवीस, वाचन दांडगं, आणि नोकरीच्या अर्जात लिहायला फक्त बारावी. काही ठिकाणी सेमिनरीत राहून पदवी करू देतात. तशी सोय असेल तर कोणत्या विद्यापीठाची, हे प्रवेशाआधी विचारून घ्या.

पगार म्हणाल तर तो नोकरीसारखा नसतो. राहणं, जेवण आणि माफक मानधन मिळतं. मिस्सेसाठी (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी) लोक अर्पण देतात, पण एका दिवशी दोन-तीन मिस्सा केल्या तरी एकाच मिस्सेचं अर्पण स्वतःकडे ठेवता येतं (नाताळचा अपवाद); बाकीचं बिशप सांगतील त्या कामाला जातं. प्रशिक्षणाचा मोठा भार बहुधा धर्मप्रांत उचलतो, घरच्यांना ऐपतीप्रमाणे वाटा विचारतात. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वयाची ७५ वर्षं झाली की राजीनामा द्यायला सांगितलं जातं.

काम कसलं, तर वेदीवरून दिसतं त्याहून वेगळं. रविवारच्या मिस्सा सगळ्यांना दिसतात. आजाऱ्याला तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) द्यायला रात्री दोनला निघणं, एकाच दिवशी सकाळी लग्न आणि दुपारी अंत्यविधी, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), लग्न, मृत्यूच्या नोंदवह्या, वित्त समितीपुढचा हिशोब, गळकं छप्पर, शाळेच्या कटकटी, दिवसातून पाच वेळा ठरलेली प्रार्थना, हे दिसत नाही. प्रवचन आठ मिनिटांच्या वर नेऊ नका, असं पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं. आठ मिनिटांत नेमकं बोलायला किती तयारी लागते, ते मुलाला एकदा करून पाहू द्या.

त्याचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर सेमिनरीतलं पहिलं वर्ष जड जातं, कारण तत्त्वज्ञान इंग्रजीतून शिकवतात. आतापासून रोज अर्धा तास इंग्रजी गद्य वाचायला लावा. मराठीही सुटू देऊ नका. मिस्सा आणि प्रवचन शेवटी गावात मराठीतूनच करायचं आहे.

मधेच परत आला तर? पुष्कळ परत येतात, आणि त्यात सेमिनरीचंही अपयश नाही, मुलाचंही नाही. ही वर्षं दोन्ही बाजूंनी पारखण्यासाठीच असतात, आणि मुलाच्या संमतीने मानसशास्त्रीय चाचणीही घेता येते. बिघडतं ते घरात. पहिल्याच वर्षी गावभर ‘आमचा फादर’ म्हणून सांगितलं जातं, आणि मग पाचव्या वर्षी निघावंसं वाटलं तरी तो पोरगा आईच्या तोंडाकडे बघून थांबतो. असा थांबलेला माणूस पुढे एकटेपणात कुढतो, किंवा बाटली जवळ करतो. म्हणून कृपा करून आत्ता कुणाला सांगू नका. आणि ह्यांनाही सांगा, अडवून धरलं तरी पोर हट्टानेच जाईल.

उपगुरू होण्याआधी प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं, की मी हे स्वखुशीने, आयुष्यभरासाठी स्वीकारतोय. त्या कागदावर आईवडिलांची सही लागत नाही.

सध्या एवढंच करा. मुलाने आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटून धर्मप्रांताच्या पाचारण संचालकांची (धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या फादरांची) गाठ घ्यावी आणि त्यांच्या शिबिराला जाऊन यावं. एखाद्या व्रतस्थ संघाचं शिबिरही पाहावं. स्नानसंस्कार आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले काढून ठेवा, ते लागतातच. आधी दुसऱ्या सेमिनरीत राहून आलेला असेल तर तिथलं पत्र मागतात. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. आणि शिबिराची वाट बघत बसू नका, डिग्री कॉलेजचा फॉर्म मुदतीत भरा.