भावाचं मनगट ८ महिने दुखतंय आणि एक्स-रे नॉर्मल आहे. हाडात गाठ असू शकते का?

हो, असू शकते. तुम्ही लिहिलंय की एमआरआयमध्ये हाडात सूज दिसली आणि आता टीबीचा कोर्स सुरू करायचं चाललंय. ते वाचून राहवलं नाही, मी याच फेऱ्यातून गेले आहे.

आधी भावाला विचारा, रात्री जास्त दुखतं का? मला पहाटे तीनच्या सुमारास ठणक्याने जाग यायची. ब्रुफेन घेतली की पाऊण तासात उतार पडायचा. हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण कुणी विचारलं नाही. मुरगळलं असेल म्हणून आधी क्रेप बँडेज, मग मनगटाचा पट्टा, मग इंजेक्शन, असं वर्ष गेलं.

शेवटी हाताच्या एका सर्जननी तो प्रश्न विचारला आणि लगेच सीटी स्कॅन लिहून दिला, १ मिलिमीटरच्या पातळ कापांचा. अंगठ्याच्या बाजूच्या स्कॅफॉइड या छोट्या हाडात ज्वारीच्या दाण्याएवढा काळा गोल होता आणि त्याच्या मधोमध पांढरा कण. या गाठीचं नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा.

ही गाठ कॅन्सरची नसते, पसरत नाही. हाडातला तिचा गाभा बहुधा दीड सेंटीमीटरपेक्षा लहान असतो. त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं वेदना वाढवणारं रसायन तयार होतं, म्हणून ठणका लागतो आणि म्हणूनच ब्रुफेन, ॲस्पिरिन लागू पडतात. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात गाभ्याभोवती हाड जाड होतं, ते एक्स-रेत दिसतं. मनगटातली हाडं लहान, एकमेकांवर सावली टाकणारी; तिथे ही खूण बऱ्याचदा सापडतच नाही. एमआरआयमध्ये सूज एवढी पसरलेली दिसते की गाभा तिच्यात हरवतो. आपल्याकडे मग टीबीचा संशय येणं साहजिक आहे. भावाला टीबी नाहीच, असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण कोर्स सुरू करण्याआधी सीटी आणि गरज वाटली तर बायोप्सी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

माझी गाठ खरवडून काढली आणि तिथे हाडाचा चुरा भरला. सुईने गाठ जाळण्याचीही पद्धत आहे, पण मनगटात नस आणि सांधा अगदी जवळ असल्याने जागा पाहून ठरवतात. निदानावर शिक्कामोर्तब पॅथॉलॉजीच्या रिपोर्टने झालं. टाके दुखत होते, पण तो पहाटेचा ठणका पहिल्याच रात्री गेला.

सीटीच्या चिठ्ठीवर ‘रात्री दुखतं, ब्रुफेनने थांबतं’ एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काय शोधायचं ते रेडिओलॉजिस्टना त्यावरून कळतं.