फुलब्राईटवर येणार असाल, तर परतीचं आधी ठरवा

ताई, तुम्ही बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुमचा विषय आहे बडोदा संस्थानातली ग्रंथालयं. फुलब्राईट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप, म्हणजे भारतात पीएचडी करणाऱ्यांना अमेरिकेत संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, मिळवून अमेरिकेत यावं, मिस्टरांनाही सोबत आणावं आणि जमलं तर पुढे इथेच राहावं, असा तुमचा बेत आहे. फेलोने नागरिक-राजदूत व्हावं, म्हणजे साधा माणूस म्हणून आपल्या देशाची तिथे ओळख करून द्यावी, अशी अपेक्षा असते; त्यात नेमकं काय करायचं असतं, हेही तुम्ही विचारलंय.

इथेच राहण्याचा मुद्दा आधी घेते. ही फेलोशिप जे-१ व्हिसावर (देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) असते आणि तिच्यात सरकारी पैसा असतो. त्यामुळे अमेरिकी कायद्याचं २१२(ई) हे कलम लागतं. भारतात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहिल्याशिवाय एच-१बी किंवा एल-१ हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. ही वर्षं तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात, पण दुबईत किंवा कॅनडात काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. जे-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या नवऱ्यालाही हेच बंधन असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने आपली कौशल्य-यादी, म्हणजे कोणत्या देशातल्या कोणत्या विषयांच्या लोकांना ही परतीची अट लागते ती यादी, बदलली आणि भारताला त्यातून वगळलं. तेव्हापासून ‘भारतीयांची दोन वर्षांची अट गेली’ असं ऐकू येतं. गेलं ते फक्त यादीचं कारण. सरकारी पैशाचं कारण जागच्या जागी आहे. सूट मागायची सोय आहे, पण सरकारी पैशावर आलेल्यांना केवळ भारत सरकारच्या ना-हरकत पत्रावर ती सहसा मिळत नाही. म्हणून स्थायिक व्हायचं पक्कं असेल तर फुलब्राईटची जागा अडवू नका, विद्यापीठाची असिस्टंटशिप मिळवून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर या. आणि परत जायची तयारी असेल, तर तुमच्या विषयाला याहून चांगली संधी मला दिसत नाही. बडोद्याला अशी अट नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडलं, महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. पैसे देणाऱ्याने परतीची अपेक्षा ठेवावी, हे मला रास्त वाटतं.

आता अर्जाचं. ही फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते आणि पीएचडीची नोंदणी आधीपासून झालेली लागते. किती आधी, ती तारीख त्या वर्षीच्या सूचनेत नीट बघा. बहुतेक अर्ज पडतात ते संशोधनाच्या निवेदनात. लोक विद्यापीठाला दिलेला सिनॉप्सिस उचलून तसाच डकवतात. वाचणाऱ्याला हवं असतं वेगळंच: हे काम अमेरिकेतच का, कोणत्या संग्रहातली कोणती कागदपत्रं पाहणार, कोणत्या महिन्यात काय हातावेगळं करणार, आणि परतल्यावर त्याचं काय होणार. महिनावार आराखडा द्या. नऊ महिन्यांत पाच शहरांतले संग्रह पाहीन असं लिहिलंत, तर इथल्या कामाचा अंदाज नाही असंच परीक्षक धरतो.

इथल्या प्राध्यापकांना अंतिम तारखेच्या किमान चार महिने आधी लिहा. मेल एका पानाच्या आत हवी आणि त्यांचा कोणता लेख तुमच्या कामाशी कुठे जुळतो ते दोन वाक्यांत यायला हवं. निमंत्रणपत्रात कालावधीच्या तारखा, कोण मार्गदर्शन करणार आणि ग्रंथालय वापरायची परवानगी, या तिन्ही गोष्टी मागून घ्या. ‘आम्हांला आनंद होईल’ एवढ्याच पत्राला वजन नसतं. शिफारसपत्रांचंही तसंच. ‘होतकरू आणि मेहनती’ लिहिलेली तीन पत्रं एकसारखीच वाटतात, म्हणून तुमच्या गाइडना एखाद्या प्रकरणाबद्दल ठोस लिहायला सांगा. छाननी आणि मुलाखत भारतात होते, शेवटचा निर्णय अमेरिकेतलं फुलब्राईटचं मंडळ घेतं. विद्यापीठाकडून रजेची किंवा परवानगीची कागदपत्रं लागणार असतील तर त्यांना उशीर लागतो, ती निकालाची वाट न बघता हलवा.

निवड झाल्यावर डीएस-२०१९ हा फॉर्म येतो, जे-१ व्हिसासाठी तोच लागतो. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, यावरून गोंधळ होतो. डीएस-२०१९ वर लिहिलेल्या सुरुवातीच्या तारखेआधी तीस दिवसांहून लवकर अमेरिकेत शिरता येत नाही. गुजरातच्या लोकांच्या व्हिसाचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे असतं. विमानाचं तिकीट स्वतः काढून बसू नका. सरकारी पैशाच्या प्रवासाला अमेरिकी विमान कंपन्यांनीच जायचा नियम लागतो.

मिस्टरांचा हिशेब वेगळा मांडा. फेलोशिपकडून तुम्हाला मिळणारं आजारपणाचं संरक्षण त्यांना लागू होत नाही. जे-२ ला स्वतंत्र विमा सक्तीचा आहे आणि त्यात प्रत्येक आजारामागे किमान एक लाख डॉलरचं संरक्षण हवं. त्यांना नोकरीसाठी आय-७६५ अर्ज करता येतो, पण परवाना यायला महिने लागू शकतात. एवढ्या थोड्या मुक्कामात त्या पगाराच्या भरवशावर घरभाडं ठरवू नका. शिवाय स्टायपेंडवर अमेरिकी कर लागू शकतो, म्हणून १०४०-एनआर (परदेशी माणसाचं करविवरण) आणि ८८४३ (तिथे राहिलेल्या दिवसांचं निवेदन) हे फॉर्म लक्षात असू द्या.

राहिला राजदूताचा भाग. तो अर्जातल्या एका परिच्छेदापुरता नाही, आणि माझ्या मते फेलोशिपचा अर्धा जीव त्यातच आहे. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. तो १९१३ पर्यंत राहिला आणि संस्थानभर मोफत सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था त्याच्या काळात उभी राहिली. इथल्या गावातल्या ग्रंथालयात हीच गोष्ट सांगा. आपल्या देशातला एक ग्रंथपाल भारतातल्या मराठी राजाकडे काम करून गेला, हे ऐकल्यावर लोक पुढचे प्रश्न आपणहून विचारतात.

पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लिहा की शाळेत, ग्रंथालयात, रोटरी क्लबमध्ये बोलायची तुमची तयारी आहे. बोलणं वीस मिनिटांचं ठेवा, पंधराएक छायाचित्रं दाखवा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. जातीबद्दल, हुंड्याबद्दल विचारतीलच. तिथे सरकारची बाजू सावरायची नाही आणि देशाची निंदाही करायची नाही. जे अभ्यासलं, जे पाहिलं तेवढंच सांगा, आणि त्यांच्या गावाबद्दलही विचारा.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जरूर जा, मन रमतं. पण शनिवार-रविवार सगळे आपल्याच माणसांत घालवणं या फेलोशिपला शोभत नाही. आणि बडोद्याला परतल्यावर पहिल्या सत्रातच विद्यापीठात एक जाहीर व्याख्यान द्या, इथल्या संग्रहातून मिळालेल्या प्रती परवानगी असेल तिथवर विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात ठेवा. अर्जातच हे तारखेसह लिहा.